बाहेरच्या हातचा घास

क्रांतीचं नाव तिच्या आजोबांनी ठेवलं. बेचाळीसच्या धामधुमीत ते वाळव्याकडच्या उसात चार महिने पोलिसांना चुकवत फिरले होते, आणि त्या चार महिन्यांच्या गोष्टी त्यांनी पुढं चाळीस वर्षं सांगितल्या. नात झाली तेव्हा बारशाला नाव त्यांनीच सुचवलं, कुणाला बोलूच दिलं नाही. दोन वर्षांनी आजोबा गेले. बरंच झालं म्हणायचं. कारण ही क्रांती अशी निघाली की भाजीवालीनं डोळ्यांदेखत काटा मारला तरी 'असू दे' म्हणून पिशवी उचलते, आणि एसटीत तिच्या जागेवर कुणी रुमाल टाकला तर दांडा धरून कराडपर्यंत उभी येते. भांडण हा प्रकार तिला जमतच नाही. तिला येते ती काळजी. गॅसचं बटण दोनदा बघायचं, कुलूप ओढून बघायचं, आणि फाटकापर्यंत गेल्यावर मागं येऊन पुन्हा एकदा ओढायचं.

अशा माणसांची जगात चेष्टाच होते. क्रांतीचं नशीब एवढंच की तिच्या या खोडीला एकदा पद मिळालं.

मलकापूरच्या पुढं, हायवेपासून अर्धा किलोमीटर आत 'सांजसोबत' नावाचा वृद्धाश्रम आहे. हायस्कुलातून निवृत्त झालेल्या तानाजी सरांनी तो स्वतःच्या वाटणीच्या रानात उभा केला. बेचाळीस म्हातारी माणसं, त्यांचं करणारी अकरा माणसं, आणि त्या अकरांत क्रांती नर्स. सर म्हणजे सोन्यासारखा माणूस. पण चोख सोन्याचा दोषही त्यांच्यात होता, जो वाकवील तसे ते वाकायचे.

आणि वृद्धाश्रम म्हटला की आपल्याकडं वाढदिवस आलाच. पोराचा पहिला, सासऱ्यांची पंच्याहत्तरी, पुढाऱ्याचा जन्मदिवस, कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध. माणसं गाड्या भरून येतात, केळी आणतात, पेढे आणतात, बुंदी आणतात. बरं, नुसतं देऊन जातील तर शपथ! भरवतात. आपल्याकडं भरवल्याशिवाय माया पोचलीसं वाटतच नाही. लग्नात भरवायचं, पोरगं पास झालं की भरवायचं, सरपंच निवडून आला की त्याला चार बाजूंनी भरवायचं. आणि समोर आलेला घास नाकारला तर देणाऱ्याचं तोंड एवढंसं होतं. म्हणून आश्रमातली म्हातारी माणसं मुकाट तोंड उघडायची. ज्यांना धड गिळता येत होतं ती उघडायची, आणि ज्यांना येत नव्हतं तीही.

चार वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला तात्यांनी असंच तोंड उघडलं. तात्या एसटीचे जुने ड्रायव्हर. लकव्यात घशाची एक बाजू कामातून गेलेली. झेंडावंदन झालं आणि पाहुण्यांपैकी एका बाईनं मोठ्या प्रेमानं जिलबी भरवली. जिलबी घशात बसली. क्रांती धावत येईपर्यंत तात्यांचे ओठ निळे पडले होते. तिनं पाठीत मारलं, पोट दाबलं, बोट घालून तुकडा बाहेर काढला. तुकडा निघाला, पण तात्या त्याआधीच गेले होते. ती जिलबीवाली बाई नंतर महिनाभर येऊन रडत बसायची, आणि क्रांती तिला पाणी द्यायची.

मग आश्रमाला मदत देणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेनं प्रांजल नावाची मुलगी पाठवली. दोन दिवसांचं शिबिर. प्रांजलनं फळ्यावर लिहिलं, 'तुमच्याकडे काय काय वाईट घडू शकतं?' आणि खडू हातात घेऊन थांबली. अर्धा तास कुणी तोंड उघडलं नाही. वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आपल्या हाडांत मुरलेलं. स्वयंपाकघरातल्या सुलाबाई तर पदर झटकून उठल्याच. "सकाळच्या पारी असलं अभद्र कशाला बोलायचं बाई," म्हणत त्या कांदे चिरायला गेल्या.

तेव्हा क्रांतीनं हात वर केला. एकदा बोलायला लागली ती थांबेचना. न्हाणीघरातली ओली फरशी, एकसारख्या रंगाच्या दोन वेगळ्या गोळ्या, उघडं राहणारं फाटक आणि पुढचा हायवे, जिन्याची सैल झालेली दांडी, आणि बाहेरच्या हातचा घास. सगळ्यांचे चहा गार झाले. फळा भरला, पुसला, परत भरला. प्रांजल म्हणाली, "ताई, इतकी वर्षं हे सगळं तुम्ही एकट्याच मनात ठेवून होतात?" क्रांतीला तिथंच, सगळ्यांसमोर रडू आलं. तिच्या काळजीला कुणीतरी पहिल्यांदा काम म्हटलं होतं.

त्या शिबिरातून जोखीम नोंदवही जन्माला आली. जाड पुठ्ठ्याची मोठी वही, आडव्या ओळी. काय घडू शकतं, उपाय काय, जबाबदारी कुणाची, आज स्थिती काय. स्थितीच्या रकान्यात तांबडा, पिवळा किंवा हिरवा ठिपका. पहिली ओळ होती, 'गिळायला त्रास असलेल्यांना बाहेरच्या हातचा घास.' जबाबदारी: क्रांती. चौथी ओळ होती, 'तातडीला आश्रमाची स्वतःची गाडी नाही.' जबाबदारी: तानाजी सर. सुलाबाईंनी त्या वहीला आपलं नाव देऊन टाकलं, भ्याची वही. आश्रमात तेच रूढ झालं.

क्रांतीचा नवरा मानसिंग फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता शिरवळच्या एका कंपनीत सुरक्षेला. शनिवारी घरी यायचा. त्याला हे सगळं एकदम पटलं. "फौजेत संतरीम्होरं कर्नल जरी आला ना, तरी वळख इचारायची. न्हाई पटली तर आत सोडायचा न्हाई. कर्नल चिडत न्हाई गं, उलट शाबासकी देतो," तो म्हणाला. क्रांतीला हे इतकं आवडलं की तिनं आठवडाभर दहा जणांना सांगितलं. संतरीच्या मागं अख्खी फौज उभी असते, हे मात्र मानसिंग बोलला नाही. त्याला ते निराळं सांगण्यासारखं वाटलं नसावं.

आणि खरं सांगायचं तर दोन वर्षं क्रांतीनं ते काम झकास केलं. गिळायला त्रास असलेली नऊ माणसं होती. त्यांच्या उजव्या मनगटावर तिनं स्वतःच्या हातानं शिवलेली पिवळी कापडी पट्टी बांधली. पिवळी पट्टी म्हणजे या माणसाला शिकलेला हातच भरवणार, ताठ बसवून, हनुवटी खाली करून, चमचा चमचा. फाटकावर पाटी लावली, 'खाऊ स्वयंपाकघरात द्यावा, कृपया कुणालाही भरवू नये.' माणसं दुखावली. एक मुख्याध्यापक म्हणाले, "आम्ही काय विष आणलंय का?" एक बाई बुंदीचा डबा जसाच्या तसा परत घेऊन गेल्या. क्रांती भांडली नाही, तिला येतच नव्हतं. ती नुसती हात जोडून मध्ये उभी राहायची आणि हलायची नाही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सगळे बसायचे, वही उघडायचे, ठिपके बदलायचे. जिन्याची दांडी पक्की झाली, गोळ्यांचे डबे वेगळे झाले.

दोन वर्षांत कुणाला साधा ठसका लागला नाही, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. आग विझवणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो. काडी पेटू न देणाऱ्याला कोण हार घालणार? जे घडलंच नाही ते क्रांतीमुळं घडलं नाही, हे दाखवायचं तरी कसं? पुण्याच्या संस्थेचा प्रकल्प संपला. प्रांजलनं बंगळूरला दुसरी नोकरी धरली. महिन्याची बैठक तिमाहीवर गेली, मग चहा पिता पिता उभ्या उभ्या व्हायला लागली. फाटक रंगवायला काढलं तेव्हा पाटी उतरवली, ती जनरेटरच्या मागं जाऊन पडली. क्रांतीनं सरांना तीनदा सांगितलं. "लावूया की," सर तिन्ही वेळा म्हणाले.

पिवळ्या पट्टीच्या माणसांत एक हरणाबाई होत्या. माण तालुक्याकडच्या धनगर. सगळं आयुष्य मेंढरांमागं चालून काढलेलं, घाटावरून खाली कृष्णाकाठापर्यंत आणि पावसाच्या तोंडाला परत. ऐंशीच्या घरात लकवा आला, वाचा गेली, चालणं तर गेलंच. कळप थांबवता येत नाही आणि आईला घोड्यावर बांधून नेता येत नाही, म्हणून लेकानं, धुळानं, तिला आश्रमात आणून सोडलं. सोडताना तो फाटकाबाहेर तासभर उकिडवा बसला होता. हरणाबाईंच्या कपाळावर, हनुवटीवर ठसठशीत गोंदण, आणि चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या की हसल्या तरी कळायला वेळ लागायचा. क्रांतीचा त्यांच्यावर जीव होता. बाकीची म्हातारी माणसं दिवसातून दहा वेळा तक्रार करायची. या नुसत्या तिचा पदर धरून ठेवायच्या.

दिवाळीनंतर कळप कृष्णाकाठी उतरला तेव्हा धुळा आईला भेटायला आला. काशाच्या डब्यात शेळीच्या दुधात चुरलेली बाजरीची भाकरी आणलेली. त्या दिवशी फराळ घेऊन आलेल्या पाहुण्यांची ही गर्दी होती. धुळा आईपुढं बसला, त्यानं बोटांनी काला कालवला आणि घास उचलला. क्रांतीनं लांबून बघितलं आणि येऊन त्याचं मनगट धरलं.

"दादा, भरवू नका. आईंना गिळता येत नाही."

"म्या ल्योक हाय तिचा, सिस्टर. भायेरचा न्हाई."

क्रांती घुटमळली. आजूबाजूला फराळवाले बघत होते. आत्ता याला सोडलं तर त्यांना कुठल्या तोंडानं अडवणार? "नियम सगळ्यांना सारखाच आहे, दादा," ती म्हणाली.

धुळानं आईच्या मनगटावरच्या पट्टीकडं बघितलं, मग क्रांतीकडं. घास डब्यात ठेवला, झाकण लावलं. "तुमी म्हंता तसं," म्हणाला. हरणाबाईंचं तोंड मात्र अजून उघडंच होतं. त्या वाट बघत होत्या.

ते उघडं तोंड क्रांतीच्या डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या खेपेला आपण याला शिकवायचं, तिनं ठरवलं. हनुवटी कशी धरायची, घास केवढा घ्यायचा. वहीत नवी ओळ लिहिली, 'नातेवाइकांना भरवायला शिकवणे', आणि शिकवणाऱ्या बाई पाठवा म्हणून प्रांजलला मेल केला. उत्तर आलं नाही. तिथल्या तिथं, दहा मिनिटांत, आपणच का नाही शिकवलं, हा प्रश्न तिला तेव्हा सुचला नाही. नंतर तो शंभरदा सुचला. धुळाचा कळप तोवर तासगावकडं सरकला होता.

फेब्रुवारीत ऋषिराजदादांचा वाढदिवस आला. दादा म्हणजे तिशीतला गडी, दूधसंघ, खडीचा क्रशर, आणि पुढच्या निवडणुकीवर डोळा. पण माणूस वाईट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आई लहानपणी गेली, आजीनं वाढवलं, म्हणून म्हाताऱ्या माणसांचा त्याला खरोखर उमाळा होता. वाढदिवसाला त्यानं आश्रमाला रुग्णवाहिका द्यायचं कबूल केलं. नवी कोरी, प्राणवायूच्या नळकांड्यासकट, वर वर्षभर पप्पू नावाचा ड्रायव्हरही त्याच्याच पगारावर. वहीतली चौथी ओळ! तीन वर्षं तांबडा ठिपका घेऊन बसलेली. सर लहान पोरासारखे हरखले.

आदल्या दिवशी क्रांती सरांच्या खोलीत गेली. "सर, उद्या भरवणं नको. खाऊ स्वयंपाकघरात."

"आगं, मी सांगितलंय त्यांच्या माणसांना."

सरांनी सांगितलं होतं, खोटं नाही. त्या माणसांनी माना डोलावल्या होत्या, तेही खरं.

दुसऱ्या दिवशी दहा गाड्या आल्या. हलगी आली, फटाके आले, फेटे आले. गाडीची फीत कापली, किल्ली सरांच्या हातात दिली, सरांचे डोळे भरून आले. मग दादा म्हाताऱ्या माणसांच्या ओळीपुढून एकेकाला शाल घालत निघाले. क्रांती पिवळ्या पट्ट्यांच्या मागं मागं होती. पण शाल पडली की मनगट झाकलं जायचं. फोटोवाला पुढं पळत होता. हरणाबाईंपाशी आला आणि थबकलाच. "दादा, ह्या आज्जीचा चेहरा लय भारी हाय. गोंदण बघा. हितं घेऊया."

दादा गुडघ्यावर बसले. कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स पुढं केला.

"दादा, आजींना नको," क्रांती म्हणाली. हलगी वाजत होती, म्हणून ती मोठ्यानं म्हणाली. "त्यांना गिळता येत नाही."

दादांनी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. त्यांनी मान वर करून हसून बघितलं. "एवढुसा देतो, ताई. माझ्या आज्जीला मीच भरवत हुतो."

क्रांतीनं सरांकडं बघितलं. सरांच्या हातात गाडीची किल्ली होती. त्यांच्या तोंडावर जे होतं ते हुकूम नव्हता, असता तर बरं झालं असतं. ती विनवणी होती. "एकच घास, क्रांती," ते म्हणाले.

धुळाचं मनगट तिनं धरलं होतं. या मनगटावर सोन्याचं कडं होतं, आणि भोवती पन्नास माणसं मोबाइल वर धरून उभी होती. तिचा हात पुढं गेला, पण मनगटापर्यंत पोचला नाही. तो हरणाबाईंच्या मानेमागं गेला. घास चुकणारच नसेल तर निदान मान तरी सरळ राहू दे, हनुवटी तरी खाली राहू दे. तेवढंच तिला सुचलं. हरणाबाईंनी तोंड उघडलं. कित्येक महिन्यांनी काही गोड जिभेला लागलं होतं. पेढा विरघळला, त्यांनी तो कष्टानं गिळला, आणि सगळ्या सुरकुत्या हसल्या. क्रांतीनं श्वास सोडला.

"दादा, आज्जीचे डोळे मिटले फोटोत," फोटोवाला म्हणाला. "परत एकदा."

दुसरा घास जरा मोठा होता, फोटोत दिसावा म्हणून. फोटो निघाला. मग ठसका लागला. कुणीतरी पाण्याची बाटली लावली, आणि क्रांती "पाणी नको" म्हणेपर्यंत दोन घोट गेलेही. हरणाबाई खोकल्या, लाल झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं, हळूहळू निवल्या. दादांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नका आज्जी, म्या हाय," ते म्हणाले. त्यांचाही आवाज भरून आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप चढला. छातीत घरघर. नव्या गाडीची पहिली फेरी हरणाबाईंनाच घेऊन निघाली, आणि पप्पूनं अकरा मिनिटांत दवाखाना गाठला. पूर्वी भाड्याची गाडी मिळवायलाच तास जायचा. क्रांतीनं डॉक्टरांना सगळं सांगितलं, पेढा, ठसका, पाणी, आणि विचारलं, त्यातलं काही फुप्फुसात उतरलं असेल का. डॉक्टर म्हणाले, "असू शकतं. पण सिस्टर, वय बघा. लकव्याच्या पेशंटला न्यूमोनिया कधी ना कधी होतोच." पाचव्या दिवशी हरणाबाई गेल्या. कागदावर न्यूमोनिया लिहिलं आणि पुढं वय लिहिलं. त्यात खोटं असं काहीच नव्हतं.

धुळा आला. आईला त्याच गाडीतून माणला घेऊन गेला. काहीच विचारलं नाही त्यानं. आश्रमात सगळे म्हणाले, सुटली बिचारी. क्रांतीला वाटे, कुणीतरी एकदा आपल्याला ओरडावं, कानाखाली लावावी. कुणी ओरडलं नाही. उलट सुलाबाईंनी दोन दिवस तिच्यासाठी डबा करून दिला.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी तिनं बैठक बोलावली. चौघे आले. सरांनी स्वतःच्या हातानं चौथ्या ओळीपुढं हिरवा ठिपका दिला. मग वही पहिल्या ओळीवर आली आणि क्रांतीनं पेन उघडलं.

"लिहू नकोस असं मी म्हणणार नाही," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पंधरा दिवसांत ओघळला होता. "चूक माझी आहे. पण हे दादांच्या कानावर गेलं, त्यांनी मनाला लावून घेतलं, गाडी परत गेली, तर उरलेल्या एकेचाळीस माणसांनी काय करायचं? तू सांग. तू सांगशील तसं करू."

सर खोटं बोलत नव्हते, हेच तर वाईट होतं. गाडी नसती तर आणखी कुणीतरी वाटेतच गेलं असतं. ती नऊ पट्ट्या शिवू शकत होती, पाटी परत लावू शकत होती, हात जोडून उभी राहू शकत होती. पण एक माणूस 'एकच घास' म्हणाला की हे सगळं कोसळणार असेल, तर त्यावर उपाय म्हणून वहीत काय लिहायचं? तिनं लिहिलं ते एवढंच: 'अकरा फेब्रुवारी. बाहेरच्या हातानं दोन घास दिले. नियम मोडला. मी तिथेच होते.' खाली सही केली. खरं लिहायला कुणी अडवलं नाही, कारण ते कुणी वाचणार नव्हतं. वही कपाटात गेली. पाटी तेवढी तिनं स्वतः तारेनं फाटकाला बांधली.

मार्च संपता संपता धुळा परत आला. आईचं गाठोडं आणि घोंगडं न्यायचं होतं. क्रांतीनं ते बांधूनच ठेवलं होतं. तो व्हरांड्यात खाली बसला, चहा घेतला, मग म्हणाला, "सिस्टर, चौकात आईचा फोटू लागलाय."

वाढदिवसाचा फ्लेक्स अजून मलकापूरच्या चौकात होता. आभाराचा. क्रांती रोज मान खाली घालून त्याखालून यायची.

"पेढा खातीया," धुळा म्हणाला. "मंग खाता येत हुतं व्हय तिला? मला वाटलं, येतच न्हाई."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. क्रांतीनं त्याला सगळं सांगितलं. पट्टी कशासाठी होती, गाडी कशी आली, सर काय म्हणाले, पहिला घास, दुसरा घास, पाणी, तिसऱ्या दिवशीचा ताप. काही झाकलं नाही. तिला वाटलं, आता हा उठेल आणि ओरडेल, आणि ओरडावंच त्यानं.

धुळानं चहाचा कप खाली ठेवला. "तुमी 'नको' म्हनला न्हाई?"

"म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही."

"मंग हात का न्हाई धरला? माझा धरला हुता तसा."

क्रांतीनं त्याचा रिकामा कप उचलला. मग धुळानंच, रान कुठं वाळलंय हे सांगावं तितक्या साधेपणानं, तिच्या वतीनं उत्तर दिलं. "व्हय म्हना. मोठ्या मानसाचा हात कोन धरंल."

तो उठला, घोंगडं खांद्यावर टाकलं, आणि अवघडून उभा राहिला. "एक इचारू? आमच्याकडं तिचा एकबी फोटू न्हाई. कवा काढलाच न्हाई. त्योच मिळंल का?"

क्रांती त्याला घेऊन मलकापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. फोटोवाल्यानं फोन केल्या केल्या फोटो पाठवला. दुकानदारानं त्याची चांगल्या कागदावर प्रत काढली. हरणाबाईंचं तोंड उघडं, पेढा दोन बोटांवर, दादा हसतायत, आणि मानेमागून आलेला एक हात, ज्याचं माणूस फोटोच्या बाहेर राहिलं आहे.

धुळानं फोटो दोन्ही हातांत धरून उजेडात नेला. बराच वेळ आईच्या तोंडाकडं बघत होता. मग त्याचं बोट त्या हातावर थांबलं.

"ह्यो कुनाचा?"

"माझा."

त्यानं मान हलवली. फोटो घोंगड्याच्या घडीत सरकवला, वरून हात फिरवून नीट बसवला.

"तुमी धरून हुतासा व्हय तिला," तो म्हणाला. "बरं झालं."